आडवी शिंक

जून उजाडला की लडलोच्या टेकडीखाली
कुरणं फुलोऱ्यावर येतात
आणि माझ्या औषधांच्या दुकानात
नाकं रांग लावतात, लाल, सोललेली.
इथे याला गवताचा ताप म्हणतात.
ताप नसतोच. काखेत थर्मामीटर धरा,
पारा जागचा हलत नाही.
आपल्याकडे तर वेगळं नावही नाही,
पडसं म्हणायचं, सुंठ उगाळायची,
पुढचं नाकाला ठाऊक.

मिस्टर प्रॉसर, वय एक्याऐंशी.
जन्मभर गवत कापलं, वाळवलं, गंजी रचल्या,
आणि साठीनंतर त्याच गवतानं
त्यांच्याशी वैर धरलं.
नाकात मारायचा फवारा घेतला, पिशवीत टाकला,
हवेबद्दल दोन वाक्यं बोलले,
निघाले,
आणि दारातच शिंकले.

एकच शिंक, पण आडवी.
माझी पदवी भिंतीवर चौकटीत आहे,
तिनं त्या क्षणी तोंड फिरवलं असावं,
कारण मी म्हणाले, बसा जरा,
घोटभर पाणी प्या, मग निघा.
का, ते सांगितलं नाही.
ते बसले.
म्हातारं माणूस बसलं की बोलतं.

मॉर्वेना गेल्यापासून, म्हणाले,
कुंपणाकडेची नेटल तोडतो, मोजे घालून.
खाजकुयलीच्या स्वभावाचं झाड,
उकळलं की मात्र गरीब होतं.
रोज तीन मग.
फवारा घशात उतरतो, कडू लागतो,
म्हणून तो बंदच. बाटल्या कपाटात ओळीनं.
मग नेता कशाला?
तुला वाईट वाटेल म्हणून.

आणि रक्त पातळ करायची गोळी?
ती चालू आहे, निळी.
गेल्या महिन्यात रक्ताचा आकडा घसरला,
डॉक्टर दोनदा विचारत होते,
नेमकी माशी कुठे शिंकली.

तीन मग हिरवा पाला, मी म्हणाले,
गोळी एकीकडे ओढते, तो दुसरीकडे.
आज दुपारीच डॉक्टरांना सांगा, मी फोन लावून देते.
झाडपाला खोटा असं मी म्हणत नाही,
पण तो पाहुणा आहे,
घरच्याला उठवून त्याचा पाट
पाहुण्याला देत नाहीत.
हे इंग्रजीत कसं म्हणाले, आठवत नाही.
त्यांनी मान हलवली.
मग मी दाखवलं: मान खाली, नळी कानाच्या बाजूला,
हुंगायचं नाही जोरात.
बावीस वर्षांत त्यांना हे कुणी दाखवलं नव्हतं.
मीही नाही. नऊ वर्षं मीच देते त्यांना फवारा.

वरच्या फळीवर कांद्याच्या सालीतला अर्क आहे,
साठ कॅप्सूल, अठरा पौंड.
रात्री फोनवर दादांना सांगितलं.
दादा लासलगावला मापारी, एकतीस वर्षं
काट्यापाशी, घोट्याएवढ्या टरफलांत उभे.
"अगं, त्या सालींनीच तर मला शिंका यायच्या!"
मग बराच वेळ गप्प.
हिशेब चालला होता:
क्विंटल, पौंड, संध्याकाळी झाडून टाकलेले ढीग.
"गुण येतो का पण?"
थोडा. बहुतेक. थोड्याच माणसांवर पाहिलंय, दादा.
"मग तसं लिही बाटलीवर."

बाटलीवर तसं कुणी लिहीत नाही.
मी फळीच्या कडेला चिठ्ठी चिकटवली:
आधी विचारा. सोबत काय घेता, तेही सांगा.
अक्षर वाकडं आलं, कारण कांदा चिरून आले होते
आणि डोळे कशानं गळतायत, कांद्यानं की कुरणानं,
हे मलाच कळत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी प्रॉसर आले.
रक्ताचा आकडा चढतोय, म्हणाले. नाक अजून तसंच,
पण रात्री झोप लागते.
पैसे दिले. दारापर्यंत गेले.
शिंकले नाहीत.
तरी परत फिरले, खुर्ची ओढली,
आणि बसले.